व्यासाचं बटण

माझ्या शेडमधल्या लोखंड कातायच्या छोट्या लेथवर एक डिजिटल रीडआउट बसवलेला आहे. हत्यार किती सरकलं ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत लाल आकड्यांत दाखवतो. ते आकडे पेटले की मला शिसारी येते. दोष त्या डबीचा नाही. दोष माझा आहे, आणि तो मी तीन वर्षं दुसऱ्याच्या नावावर खपवला.

मी शहाद्याकडच्या आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवायचो. निवृत्तीनंतर हौस म्हणून टेबलावर मावेल एवढा लेथ घेतला. मग रीडआउट मागवला. त्याच्या मोजपट्ट्या लेथवर बसवायला आठ दिवस गेले: भोकं पाडा, आटे काढा, पट्टी सरळ धरा, लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून पत्र्याचं झाकण करा. शेवटी डायल गेज लावून तपासलं. हत्यार जेवढं सरके तेवढाच आकडा येई. मी इतका फुगलो की सोबतचं पुस्तक अर्धंच वाचून ठेवून दिलं.

आप्पा माझ्या वयाचा. साखर कारखान्यात जन्मभर टर्नर होता. निवृत्त झाल्यावर लोकांची बारीकसारीक कामं माझ्या लेथवर करायचा. मी शिकवणारा, तो करणारा. लोक काम घेऊन त्याच्याकडे यायचे, माझ्याकडे नाही. हे मला सलायचं. तेव्हा मान्य केलं नसतं, आज करतो.

मिरचीच्या हंगामात एका कांडप गिरणीचा मालक शाफ्ट घेऊन आला. बेअरिंग बसायच्या जागी तो एक मिलिमीटरने बारीक करायचा होता. आप्पाने सवयीप्रमाणे व्यास मोजायला मायक्रोमीटर काढला. मी तो त्याच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला आणि आता पडद्यावर बघूनच काम कर म्हणालो. मध्येच तो थांबला. हत्यार पुढे सरकवणारं चाक धरलेल्या हाताकडे बघत म्हणाला, "मन्हा हात सांगी ऱ्हायना, हाई जास्ती जाई ऱ्हायनं."

आम्ही दोघं एरवी अहिराणीतच बोलायचो. त्या दिवशी मी मुद्दाम वर्गातल्या मराठीत म्हणालो, "आप्पा, हात चुकतो. आकडा चुकत नाही."

त्याने एकचा आकडा येईपर्यंत चाक फिरवलं. बेअरिंग शाफ्टवर सरकवलं तर ते खुळखुळलं. आप्पाने ते काढून पुन्हा सरकवून पाहिलं. तो पडद्याजवळ तोंड नेऊन, डोळे बारीक करून आकडे वाचू लागला. त्याला मोतीबिंदूची सुरुवात झालेली होती. मी म्हणालो, डोळे तपासून घे. तो मान खाली घालून घरी गेला.

तो गेल्यावर मी शाफ्ट मोजला. हवा होता त्याहून बरोबर एक मिलिमीटर कमी. डोळ्यांची चूक इतकी नेमकी कधीच नसते. मला तिथेच कळलं. हत्यार एक मिलिमीटर आत गेलं की गोल वस्तूचा व्यास दोनने कमी होतो, कारण माल दोन्ही बाजूंनी जातो. आयटीआयमध्ये मी हे पहिल्याच दिवशी फळ्यावर काढायचो. रीडआउट हत्यार किती आत गेलं तेवढंच दाखवत होता. व्यास दाखवायला एक बटण दाबावं लागतं, आणि ते मी दाबलेलं नव्हतं. न वाचलेल्या पानांत ते लिहिलेलं होतं.

मी बटण दाबलं आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाला आला तेव्हा आप्पा तिथेच होता. शाफ्ट हातात फिरवून गिरणीवाला म्हणाला, "आप्पा, आते घरमा नातरं खेयाडा." नातवंडं खेळवायचा सल्ला ऐकून आप्पाने माझ्याकडे पाहिलं. मी कापूस घेऊन लेथ पुसत राहिलो. पुढे माझे जुने विद्यार्थी फोनवर आप्पाकडे काम द्यावं का विचारायचे. त्यांच्यापैकी काहींचे आता स्वतःचे वर्कशॉप आहेत. मी प्रत्येकाला सांगायचो, त्याचं वय झालं, हात राहिला नाही. हे वाक्य मी किती सहज बोलायचो ते आठवलं की तोंड कडू होतं. महिन्याभरात आप्पाने काम सोडलं आणि आपला मायक्रोमीटर मला आणून दिला. तोही मी घेतला. वर चहा पाजला.

यंदा त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. बरा झाल्यावर तो शेडवर आला, दारातूनच पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचले आणि खूश झाला. मग माझा हात धरून म्हणाला, की डोळे तपास असं तू सांगितलंस म्हणून बरं झालं, नाहीतर आणखी किती जणांचं काम बिघडवलं असतं.

त्याने आभार मानले तेव्हा मला सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं.

तो स्टुलावर बसला. "तुले कव्हयपाईन ठाऊक शे?"

"तोच दिनपाईन."

त्याने आपला तळहात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "मन्हा हात खरं सांगी ऱ्हायना व्हता. तू मले मन्हाच हात खोटा ठरवाले लावा." पुढे एवढंच, की हे गिरणीवर चारचौघांत सांग.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मिरचीच्या ठसक्याने खोकणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर मी सांगितलं. मालक हसला. त्याला तो शाफ्ट नीट आठवतही नव्हता. जाऊ द्या सर, म्हणाला, आणि आप्पाला म्हणाला की मग पुन्हा काम सुरू करा. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटण्याचीच किळस आली.

आप्पा म्हणाला, "तीन वरीस व्हयनात. आते हात काहीच सांगस नही."

घरी येऊन मी त्या विद्यार्थ्यांना एकेक करून फोन लावले. दोघांनी उचलले. बाकीच्यांसाठी हे लिहितो आहे: तो शाफ्ट आप्पाने बिघडवला नाही. मी बिघडवला. त्याचा हातही मीच बिघडवला.