बोट उचललं की परत येणारं बटण

विजेच्या सामानाच्या दुकानात माझा नवरा एकेक बटण दाबत होता आणि बोट उचलून त्या बटणाकडे निरखून बघत होता. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने छोट्या आगगाडीचे रूळ मांडलेत, म्हणून हल्ली आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. गाडी फलाटाकडे वळवायला त्याला बटण हवं होतं.

"अरे, घे ना कुठलंही," मी म्हटलं.

"कुठलंही कसं? बोट उचललं की परत येणारंच हवं. रूळ सरकायला क्षणभर वीज पुरते. दाबलेलं तसंच राहिलं तर रूळ सरकवणारी तारेची गुंडाळी जळते."

मला मात्र एकदा विचारून कधी पुरतच नाही. परगावी राहणाऱ्या मुलीला मी रोज फोनवर जेवणाचं, झोपेचं, औषधाचं तेच तेच विचारते. ती बिचारी पहिल्याच प्रश्नाला रुळासारखी वळलेली असते, पण मी बोट काही उचलत नाही.

शेवटी त्याने लाल टोपीचं एक बटण निवडलं. घरी येऊन जोडलं आणि पहिल्यांदा मलाच दाबायला लावलं. मी दाबलं, सोडलं. गाडी शहाण्यासारखी फलाटाला लागली.

त्या संध्याकाळी मुलीला मी एकदाच विचारलं, "जेवलीस का गं?"

"हो," ती म्हणाली. झोपेचं, औषधाचं मी विचारलंच नाही.

पलीकडून काळजीचा आवाज आला, "आई, तुला बरं आहे ना?"