चौथ्या चौकोनातला खो

शनिवार, १ फेब्रुवारी. संध्याकाळचे पाच. बदनापूर तालुक्यातल्या आमच्या उच्च माध्यमिक शाळेचं मैदान.

हजर – बारावीच्या खो-खो संघातल्या सात जणी: साक्षी (कॅप्टन), पूजा, निकिता, रुख्सार, आरती आणि दोन्ही वैष्णवी. खो द्यायला अकरावीची पायल. आणि मी, त्यांची क्रीडाशिक्षिका.

गैरहजर – रेखा.

अशी नोंद मी प्रत्येक कार्यक्रमाची करते. म्हणून सांगते, त्या संध्याकाळचं सगळं त्याच दिवशी लिहून ठेवलेलं आहे, आठवून-आठवून वाढवलेलं नाही. या सदरातले गूढ अनुभव मी आजवर हसत वाचत आले. सामन्याआधी लिंबू-मिरची बांधणाऱ्या मुलींना मी दोन राउंड जास्त पळवते... एवढ्यावरून काय ते समजा.

आमच्याकडे बारावीच्या मुलींना निरोप द्यायची एक पद्धत आहे. भाषणं नाहीत. मैदान आखायचं, मुलींनी आपापल्या नेहमीच्या चौकोनात बसायचं – सामन्यात बसतात तसंच, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून. अकरावीची मुलगी मागून येते, पाठीवर हात मारून ‘खो’ म्हणते. जिला खो मिळाला तिनं उठायचं, संघातली एक आठवण सांगायची आणि खांबापाशी जाऊन उभं राहायचं.

चौकोन आठ, मुली सात. मी म्हटलं, मी बसते एका जागी. साक्षी म्हणाली, “नको मॅडम. चौथा रेखाचा हाय. राहू द्या रिकामा.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती मी अजून कुणालाच सांगितलेली नाही.

या मुली अकरावीत असताना जिल्हास्तराला संघ गेला. बारा नावांची यादी मी पाठवली होती. घाईत आदल्या वर्षीच्या यादीवरूनच नवी केली, जुन्या मुलींची नावं बदलत गेले, आणि एक बदलायचं राहिलं. तिथे रेखाचं नाव यायला हवं होतं. जालन्याला मैदानावर नोंदणीच्या टेबलापाशी कळलं, तेव्हा यादी बदलता येत नव्हती. यादीत चूक करणारी बाई अशी माझी ओळख नाही. म्हणून मी रेखाला म्हटलं, “यंदा तुझी तयारी कमी पडली गं.” ती दिवसभर बसमध्ये बसून होती. दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. खेळातही पोरगी कच्ची, मग रोज एवढं लांब कशाला पाठवायची, असं म्हणून वडिलांनी तिला हसनाबादला मामाकडे धाडलं. शेतात.

तर, कार्यक्रम सुरू झाला. निकितानं बसमध्ये उलटी झाल्याची आठवण सांगितली. “मॅडमच्या पर्समध्ये झाली असती, थोडक्यात वाचल्या!” सगळ्या हसल्या. मीही हसले. पूजाचा गुडघा फुटल्यावर मीच खोबरेल लावलं होतं म्हणे, मला आठवत नाही. तिसरी रुख्सार. ती बोलता बोलता रडली आणि “धूळ गेली” म्हणाली.

पायलनं चौथा चौकोन सोडून पुढे जायचं होतं. पण सरावाचा हात... तिनं तिथेही वाकून हात मारला. “खो!”

हात हवेत फिरायला हवा होता. तो थांबला. बसलेल्या मुलीची पाठ असते त्या उंचीवर, हात कशावर तरी आपटावा तसा थांबला. मी आठ-दहा पावलांवर उभी होते, ऊन होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

“पायले, नाटकं नको करू,” साक्षी ओरडली.

“नाटक न्हाई ताई... पाठ लागली हाताला. घामेजलेली.” पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

मी घड्याळ पाहिलं. पाच वाजून बावीस मिनिटं. मग त्या जागी स्वतः हात फिरवला. काही नव्हतं.

वातावरण हलकं करायला साक्षीनं रेखाच्या मामीला फोन लावला, स्पीकरवर. “मामी, रेखाला द्या. म्हणा तुझ्या जागेवर भूत बसलंय.”

मामी धापा टाकत होती. “अगं काय भूत! हितं हरभरा उपटून राह्यलो आम्ही. समद्या बाया ओळीनं बसल्या व्हत्या. ही एकदम उठली अन् पळत सुटली की बांधापस्तोर! आत्ताच, पाच मिन्टं न्हाई झाली. काय चावलं म्हणलं तर बोलंना.”

मग रेखाचा आवाज आला. सव्वा वर्षानं ऐकला मी तो.

“साक्षे, मला खो कोणी दिला गं?”

साक्षीनं पायलकडे पाहिलं.

“बराबर पाठीवर बसला. माझ्या मागं कोणीच नव्हतं.” मग ती म्हणाली, “मॅडम हायेत का तिथं? त्यांना एक विचारायचंय. मी खरंच कच्ची होते का?”

साक्षीनं फोन माझ्या हातात दिला. आठ मुली माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, “रेखा, उन्हात काम करताना पाणी पीत जा.”

“हो मॅडम,” ती म्हणाली. फोन बंद झाला.

उरलेल्या चौघींनी आठवणी सांगितल्या. त्या मी लिहिल्या नाहीत. सहा वाजता सगळ्या गेल्या. मी खांबांपाशी बराच वेळ उभी राहिले. घरी तशीही एकटीच असते मी, मुलगी पुण्याला. पायल सोमवारी सरावाला आली, पण त्या चौकोनात बसायला तयार होईना. तिला काय झालं, रेखाला काय झालं, चाळीसेक किलोमीटरवर एकाच वेळी कसं झालं... विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, योगायोग. असेल. मला ते पटत नाही आणि दुसरं काही सुचतही नाही.

प्रात्यक्षिकं झाली, परीक्षा झाली, मैदानाचे खांब रंगवून झाले. बाहेरून बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कसा भरतात तेही विचारून ठेवलंय. हसनाबादची बस किती वाजता सुटते ते मला पाठ आहे. रेखासमोर बसून, यादी मीच चुकवली होती, एवढं सांगायचं राहिलंय.