खोक्याच्या घरातली बकरी

"द गोट इज इन द हाउस" हे वाक्य मी एकदा चूक दिलं. व्याकरण बरोबर, उच्चार बरोबर, बकरीसुद्धा बरोबर जागी. गाढव तेवढं फळ्यापाशी उभं होतं, आणि खडू त्याच्याच हातात होता.

हे आत्ता उकरून निघालं ते नातीमुळे. नंदुरबारच्या शाळेत तिला भिंतीएवढ्या टीव्हीवर 'माय हाउस' शिकवतात. त्या घरात शेकोटीची वेगळी खोली आणि दारात बर्फाचा माणूस. नंदुरबारात! जिथे उन्हाळ्यात वाळत घातलेला पापड भाजूनच हाती येतो. मी एवढी भडकले की नात म्हणाली, "आजी, तू टीव्हीवर कसाले चिडी ऱ्हायनी?"

टीव्हीवर नाही गं माय. एका बुटांच्या खोक्यावर.

तोरणमाळच्या वाटेवरच्या एका आश्रमशाळेत मी इंग्रजी शिकवायचे. तेव्हाची मी म्हणजे पाहण्यासारखा नमुना. घाटातल्या एसटीत खिडकीबाहेर डोकं काढून ओकत चढायची आणि वर्गात अशी शिरायची, जणू लंडनहून थेट उतरलीय. प्रशिक्षणात सांगितलं होतं, खेळातून शिकवा, हाताला वस्तू द्या. सल्ला चांगलाच होता. मग या बाईंनी, म्हणजे मीच, बुटांच्या खोक्याचं घर केलं. आत पलंग, टेबल, आणि जुन्या ब्लाउजपीसची मखमल लावलेला सोफा. मुलांनी मातीची जनावरं केली. एकानं जनावर कुठेतरी ठेवायचं, बाकीच्यांनी विचारायचं, "व्हेअर इज द काऊ?" टेबलाखाली, पलंगावर, दारामागे. एरवी फळ्यापुढे मुकी असणारी पोरं खोक्याभोवती धक्काबुक्की करू लागली.

त्यात एक मुलगी होती. घरी आपली पावरी बोली बोलणारी, वर्गात मराठीही तोलून मापून. त्या दिवशी ती पुढे आली, सोफा उचलून बाजूला ठेवला, त्याच जागी आपली बकरी बसवली आणि कुणी विचारायच्या आत म्हणाली, "द गोट इज इन द हाउस." तिचं स्वतःचं पहिलं इंग्रजी वाक्य. असं वाक्य ऐकण्यासाठी भाषेचा शिक्षक जन्म काढतो.

आणि बाईंनी काय केलं? मेलेली पाल उचलावी तशी ती बकरी दोन बोटांत उचलून खोक्याबाहेर ठेवली. "नो, नो! गोट आउटसाइड!" तेवढ्यानं पोट भरलं नाही. नवीन वाक्य सगळ्यांकडून घोकून घ्यावं, हेही प्रशिक्षणातच शिकलेलं. मग अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "गोट आउटसाइड!" पोरांना गंमत वाटली. जेवणाच्या रांगेत ती सगळी त्या मुलीलाच तसं म्हणू लागली. मी ऐकत होते. इंग्रजी वर्गाबाहेर पडलं म्हणून मनात खूशही झाले होते.

मला अजून संताप येतो तो याचा, की मला सगळं ठाऊक होतं. कोरीटला, माझ्या माहेरच्या गावी, आमच्या घरात थंडीत वासरू चुलीजवळ बांधलेलं असायचं. "घरमा बांधी दे वं, थंडी शे," असं आई मलाच सांगायची. वासराच्या वासात झोपून वाढलेली ही बया डोंगरातल्या पोरीला शिकवत होती, जनावर घरात नसतं म्हणून! ते घर मीच माझ्या अंगावरून घासून काढत होते, आणि पुसणं म्हणून ती पोर वापरली.

होळीला मुलं पाड्यावर गेली. होळीनंतर त्यांना परत आणायला शिक्षकांनाच हिंडावं लागतं. ही आली नव्हती. मी चढत, धापा टाकत तिच्या घरी पोहोचले. कुडाचं घर, आणि आत एका अंगाला बकऱ्या बांधलेल्या. तिच्या आईला मराठी थोडीच. तिनं खाट टाकली, पाणी दिलं, बकऱ्यांकडे हात करून म्हणाली, "बाहेर बिबट्या." बस. त्या दोन शब्दांपुढे माझा मखमली सोफा काय बोलणार?

बरं, तिथे तरी गप्प बसावं. एक करडू माझ्या पदराचा काठ चघळत होतं. ते दाखवून मी लाडीगोडीनं पोरीला विचारलं, "व्हॉट इज धिस?" दुसऱ्याच्या घरात, त्याच्या खाटेवर बसून तास घेत होते मी! आई कौतुकानं लेकीच्या तोंडाकडे बघू लागली. "बोल ना. बाई विचारते." लेकीचं इंग्रजी तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती वाट बघत राहिली. पोरगी करडाला ओढून घेऊन खाली बघत राहिली. शेवटी आईनंच माझ्याकडे पाहून ओशाळं हसू काढलं, जणू चूक त्यांच्याच घरची.

मी म्हटलं, "चल बाळा शाळेत. मी आता ओरडणार नाही."

ती उठली, आत जाऊन कपड्यांची पिशवी घेऊन आली आणि दारात उभी राहून माझ्याकडे न बघता म्हणाली, "येते मी, बाई. पण मला बोलायला लावू नका."