सोनाजीची उलटी भिंत

कुरुंद्याच्या सोनाजीला देवानं अंग बैलासारखं दिलं, काळीज तेवढं नासकं. अठ्ठ्याहत्तर साली मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात छाती उघडून त्याची झडप बदलली. घरी सोडताना डॉक्टरानं नव्या यंत्रावर काळीज पाहिलं अन् म्हणाला, "मधली भिंत उलटी हलते. या ऑपरेशननंतर पुष्कळांची हलते. घाबरू नका, सहा महिन्यांनी कामाला लागा." सोनाजीनं यातलं पहिलं वाक्य तेवढं गावात आणलं.

मग काय, ओट्यावर लोड अन् तोंडात पान. कुणी कामाला हाक मारली की छातीवर हात. "भिंत उलटी चालून राहिली बाबा. धक्का लागला की बसलीच." लोकही असे खुळे, की चपला काढून बघायला यायचे. जनकाबाईनं तर कान लावला अन् म्हणाली, "व्हय, उलटंच वाजतंय." सुलटं कसं वाजतं ते बाईला जसं ठाऊकच होतं.

हळद शिजवायला आमच्याकडं इर्जिक असते. घरटी एक गडी दुसऱ्याच्या कढईवर राबतो, मग ते सगळे याच्या कढईवर येतात. सोनाजी जायचा तो जेवायला. त्याच्या बदली त्याची बायको रुक्माबाई सगळीकडं राबली. तर गावातले शहाणे म्हणाले, बाईचा हात आमी हिशेबात धरत न्हाई. तिची काढलेली हळद ढिगात तापून कुजायला लागली, अन् एक माणूस फिरकेना.

आला तो आखाडा बाळापूरचा जलालुद्दीन, भाड्याची कढई गाडीत घालून. सोनाजीनं त्यालाही भिंत सांगायला घेतली.

"सोनाजीभाऊ, पिछाना नई क्या? तुमच्या बाजूच्या खाटेवर होतो मी," जलालुद्दीन म्हणाला. "मेरी भी उलटी हय. आपल्या वार्डात बहुतेकांची होती." अन् कढई चुलीकडं ओढू लागला.

कढईची गाडी बघून जमलेले हसले. सोनाजी चिडला. "तुझी जराशी उलटी असंल. माझी लई उलटी हाय."

"असू द्या," रुक्माबाई म्हणाली. "उठा अन् जाळ घाला. न्हाई तर सगळा ढीग तुमच्या लोडावर आणून ओतते."

उठला. दिवसभर जाळ घातला अन् त्याला काही झालं नाही, याचंच त्याला वाईट वाटलं. घरचा गडी चुलीपाशी दिसल्यावर शहाण्यांनीही मुकाट्यानं टोपल्या उचलल्या. रुक्माबाईनं शिजलेली पहिली टोपली उन्हात पसरली, अन् नवऱ्याला दुसरी आणायला पिटाळलं.