लांबनं घ्या, मास्तर

त्या दुपारी मी मोबाइलवर एका मैदानाचं चित्रण बघत होतो आणि चडफडत होतो. कुस्ती ऐन रंगात आलेली, खालच्या पैलवानाची मान आवळलेली, आणि कॅमेरा मात्र कधी आकाशात घिरट्या घालतोय, कधी वरच्या पैलवानाच्या मिशा दाखवतोय. डाव कुठला लागला, पत्ताच नाही. माझी ही कटकट ऐकून घेणारा जगात एकच माणूस होता. त्याला फोन लावणार, तोच त्याचाच आला. 'दस्तगीर' हे नाव बघून मी सुरूच झालो, "बघितलंस काय रे? कसली पोरं नेमल्यात शूटिंगला! कुस्ती दाखवायची का मिशा?" पलीकडून आवाज आला तो त्याच्या मुलाचा. "काका, मी समीर बोलतोय. अब्बा गेले." काही आठवडे झाले या गोष्टीला. आपलं शेवटचं बोलणं भांडणाचं व्हावं आणि तेही ऐकायला तो नसावा, याची चुटपुट अजून जात नाही.

दस्तगीर शिकलगार हा कोल्हापुरातला जुना व्हिडिओवाला. लग्नं, बारशी, जोतिबाची चैत्रातली यात्रा, सगळं त्यानं चित्रित केलं. पण त्याचा जीव कुस्तीच्या मैदानात. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि जत्रांच्या दिवसांत मैदानात माइकवर बोलायचो. मी सांगायचो, तो दाखवायचा, आणि आमचं कधी म्हणून पटायचं नाही. मी पैलवानाच्या आईच्या हातच्या भाकरीपासून सुरुवात करायचो. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्टँड रोवून उभा, आणि तिथून ओरडायचा, "मास्तर, सरका! फ्रेममधी येतायसा!" चार पाय आणि चार खांदे चौकटीत पाहिजेत, हा त्याचा कायदा. एकदा मी म्हटलं, अरे, जरा तोंडं दाखव, लोकांना भाव कळू देत. तर म्हणाला, "मास्तर, जवळनं घेतलं की माणूस दिसतो, लांबनं घेतलं की कुस्ती. लोकं कुस्ती बघाय आल्यात."

लग्नातही तसंच. नवरी निघाली की सगळ्यांना तिच्या डोळ्यांतलं पाणी जवळून हवं असायचं. हा गडी तेवढ्यात फाटकापर्यंत मागं गेलेला असायचा. त्याच्या चित्रणात गाडी निघून जाताना दिसायची, मांडवात खुर्च्या आवरणारी माणसं दिसायची आणि त्यांच्या मधोमध नुसता उभा असलेला नवरीचा बाप दिसायचा. "रडणं जवळनं घेतलं तर पाणीच दिसतंय. कोण कुणाला सोडून चाललंय, ते लांबनंच कळतंय," असं त्याचं म्हणणं. संध्याकाळी घरी त्याची बायको, आमच्या भाभी, मालिका लावून बसल्या की याचा पारा चढायचा. मालिकेत कुणीतरी कुणाच्या थोबाडीत मारायचं आणि मग घरातल्या झाडून सगळ्यांची तोंडं आळीपाळीनं, ढॅणढॅण करत. "आवो, पर मारणारा हात कुठाय?" हा पडद्याला विचारायचा. भाभी त्याला चहा टाकायला पाठवून द्यायच्या.

आता मूळ गोष्टीकडं येतो. टाळता आली असती तर टाळली असती.

समीर तरुणपणी चांगला लढायचा. गडहिंग्लजकडच्या एका जत्रेत त्याची कुस्ती त्याच भागातल्या बसूशी लागली. बसू शेतकऱ्याचा पोरगा, अंगानं काटक, डावाला चपळ. कोल्हापूरच्या एका तालमीचे वस्ताद मुद्दाम बघायला आलेले आणि जिंकेल त्याला तालमीत ठेवून घेणार, अशी बोलवा. मी माइकवर, दस्तगीर ट्रॉलीवर. हलगी कडाडत होती. बसूनं समीरला उचलून खाली घेतलं, दोघं धुरळ्यात दिसेनासे झाले, आणि पुढच्या क्षणी बसू हात वर करून नाचत होता. समीर उठून पंचांना सांगत होता, पाठ लागली नाही म्हणून. नेमकं त्या क्षणी पंचांच्या आड कुणीतरी आलेलं. गर्दी दोन्ही बाजूंनी उठली. कुणीतरी ओरडलं, "शूटिंग बघा की! दस्तगीरचं शूटिंग हाय!" आणि सगळं मैदान निवांत झालं, कारण दस्तगीरच्या चौकटीत चार खांदे असणारच, यावर सगळ्यांचा विश्वास होता.

कॅसेट मागं घेऊन पंचांनी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघितलं. मीही वाकून बघितलं. आधी सगळी कुस्ती दिसत होती, आणि नेमक्या वेळी कॅमेरा जवळ गेलेला. पडदाभर समीरचं तोंड, आवळलेले दात, मिटलेले डोळे. खांदे चौकटीबाहेर. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि तसं मी माइकवर पुकारलं. वस्तादांनी कोल्हापूरचा पोरगा म्हणून समीरला ठेवून घेतलं. बसू घरी, उसाच्या शेतात परत गेला.

बापाचं काळीज, दुसरं काय... असंच मी इतकी वर्षं समजत आलो. आयुष्यभर लांबून बघणारा माणूस स्वतःच्या पोराच्या वेळी कळत नकळत जवळ गेला, हे मी वर्गातसुद्धा गहिवरून सांगितलं आहे. समीरचं मन तालमीत रमलं नाही. वर्षभरात तो बाहेर पडला आणि शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत लागला. दस्तगीर मात्र दर जत्रेला एसटीनं, खांद्यावर स्टँड टाकून, गडहिंग्लजकडं जायला लागला. बसूची एकही कुस्ती त्यानं सोडली नाही, आणि त्याबद्दल कधी काही घेतलं नाही. मैदानाला निघताना तो कॅमेऱ्याच्या झूमच्या बटनावर काळी चिकटपट्टी मारायचा. लग्नाला जाताना काढायचा, मैदानाला परत मारायचा. मी चिडवायचो, "बटन बिघडलंय का हात?" तो म्हणायचा, "हात." मी हसायचो.

जियारतीला, तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला, बसू आला होता. आता पोट सुटलंय, कानाजवळ केस पिकलेत. माणसं पांगल्यावर आम्ही तिघंच सतरंजीवर राहिलो, तेव्हा समीर खाली बघत म्हणाला, "बसू, त्या दिवशी माझी पाठ लागलती."

"व्हय की," बसू म्हणाला. "वर मीच हुतो न्हवं? मला कवाच शंका नव्हती. पर मला ठाव असून काय उपेग? गावाला ठाव पायजे हुतं."

मग समीरनं दवाखान्यातलं सांगितलं. शेवटच्या दिवसांत त्यानं हीच कबुली बापाजवळ दिली होती. दस्तगीर छताकडं बघत म्हणाला, "मला दिसलतं. खांदा खाली येताना दिसला. बोट आपोआप गेलं न्हाय पोरा, मी नेलं."

मला राग आला, हे सांगायला हवं. ज्या क्षणावर मी इतकी वर्षं गहिवरत होतो, तो क्षण त्यानं ठरवून घेतला होता. आणि रागाच्या खालोखाल वाईटही वाटलं. बसू मात्र शांतपणे म्हणाला, "म्हणून येत हुते व्हय मामा दरसाल... माझ्या समद्या कुस्त्या हायत घरात, मामांनी घेतलेल्या. पोरं बघत्यात. तेवढी एकच न्हाय."

निघताना मी समीरला म्हटलं, तुझ्या अब्बांवर पेपरच्या पुरवणीत लिहीन, पण हे नको. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढंच सांगावं. समीरनं नकारार्थी मान हलवली. "अब्बा म्हणालते, मास्तर लिवतील माझ्यावर. त्यांना म्हण, जवळनं घिऊ नगासा. लांबनं घ्या, सगळं आलं पायजे."

तर दस्तगीर, घेतलं बाबा लांबून. गडहिंग्लजकडच्या त्या मैदानात मी बरोबरी पुकारली होती. माझा आवाज त्या दिवशी जिथवर गेला, त्याहून लांब हा कागद जाईल म्हणून पुकारतो: ती कुस्ती निकाली झाली होती. बसू जिंकला होता.

परवा दस्तगीरच्या घरी गेलो. समीरनं कॅमेरा स्टँडवर लावून मला बघायला दिला. चौकटीत सगळी खोली होती. खुंटीवरची टोपी, दारात भाभी, मालिका बंद असलेला टीव्ही, आणि कोपऱ्यात त्याचा पलंग, चादर नीट घातलेली. मला तो पलंग जवळून बघावासा वाटला. नकळत बोट बटनाकडं गेलं, आणि काळ्या चिकटपट्टीवरून घसरलं.