शेळीची लोकर

लेहच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायला आठ दिवस उरले होते आणि माझा पाय घरात ठरत नव्हता. बॅग भरायची, उपसायची, पुन्हा भरायची. शेवटी कोटाचं कापड घ्यायला बीडला निघाले, तर आबाही निघाले. त्यांचा जन्म मेंढरांमागे गेलेला. लोकरीचं कापड म्हटल्यावर वडील घरी थांबणार होते थोडेच!

दुकानदाराने दोन काळे पीस पुढे टाकले. एक लोकर, दुसरं कॅशमिअर. "हात लावून बघा ताई, फरक कळेल." मला काही कळेना. शिंप्याने सहाच्या आत कापड आणा म्हणून बजावलं होतं, त्यामुळे मी सारखी घड्याळ बघत होते.

आबांनी पहिलं कापड मानेवर घासलं. "ही मेंढी. टोचती." दुसरं घासलं, पुन्हा घासलं. मग कडेचा एक धागा उपसला आणि खिशातून काडेपेटी काढून सरळ पेटवला. दुकानभर जळक्या केसांचा वास. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वास तर केसाचाच हाय," आबा म्हणाले. "पर ही मेंढी न्हाई. कशाची हाय?"

"शेळीची, लडाखकडची," दुकानदार म्हणाला. "वरच्या केसांखाली बारीक लोकर येते, ती विंचरून काढतात."

आबा हसले. "शेळीला कुटं लोकर आसती? केस आसत्यात, त्याचे दोर वळत्यात. फसवायलाय ह्यो. चल गं."

"आबा, गप बसा!" मी ओरडलेच. "तुमाला मेंढरांशिवाय काय कळतं?"

दुकानदारानेही मान खाली घातली. आबा काडेपेटी खिशात टाकून बाहेर पायरीवर जाऊन बसले. खरं तर लोकरीचा कोट मला पुरला असता, टिकलाही असता. कॅशमिअर घासलं की लवकर गोळे धरतं, हे दुकानदारच सांगत होता. तरी मी तेच घेतलं. चुकलं की मी जास्तच ताठ होते, हा माझा जुना रोग.

कापड शिंप्याकडे टाकलं आणि आम्ही बस धरली. गावात उतरल्यावर आबा तडक घरामागे गेले. माफी कशी मागायची ते मनात जुळवत मी चहा घेऊन त्यांच्यामागे गेले.

आबा उकिडवे बसले होते. घरच्या दुधासाठी ठेवलेली शेळी गुडघ्यांत धरून तिचे केस बोटांनी बाजूला करत होते, पार कातडीपर्यंत. पाठ बघून झाली, पोट बघितलं, मान बघितली.

"आपल्या शेळीला न्हाई," वर न बघता ते म्हणाले. मग शेळीला सोडून देत, "तिकडं शेळीलाबी आतून लोकर येती. मंजी थंडी किती आसंल गं?"

तिथलं तापमान मी फोनवर दिवसातून दहादा बघत होते. आकडा रोज शून्याच्या खालीच असायचा.

"हितल्यापेक्षा जराशी जास्त," मी म्हणाले. माफी मागायची राहूनच गेली.