क्रेनवरची बाई

लातूरच्या आमच्या सिटी बस डेपोत सीएनजी पंपाचं काम निघालं, तेव्हा क्रेन चालवायला एक बाई यायची. रेणापूरकडची होती, एवढंच कळलं. डोक्याला रुमाल घट्ट बांधायची आणि वर चढण्याआधी क्रेनच्या तारेवरून एकदा हात फिरवायची.

त्या दिवशी गॅस दाबून भरायचं भलंमोठं मशीन चौथऱ्यावर बसवायचं होतं. आम्ही ड्रायव्हर लोक बस उभ्या करून बघत होतो. मशीन हवेत असतानाच वावटळ उठली. ते झोके घ्यायला लागलं, आणि खाली दोन गडी त्याला बांधलेले दोर धरून उभे. कामावरचे साहेब ओरडले, "सोडा खाली, लवकर!"

तिनं सोडलं नाही. हातानं खूण करून गड्यांना आधी लांब केलं आणि वारं पडेपर्यंत ते धूड अधांतरी तोलून धरलं. मग इतकं हळू उतरवलं, की टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

ती खाली आली तेव्हा मी पाण्याची बाटली पुढं केली. "ताई, भ्या वाटलं न्हाई का?"

"लई वाटलं की. खाली माणसं हाईत म्हटल्यावर भ्या वाटाया नको का, दादा?"

अर्धी बाटली रिकामी करून ती परत क्रेनकडं निघाली.

दुपारी बस काढताना मी आरशात बघितलं, आणि नुकतीच चढलेली एक म्हातारी मागं नीट बसेपर्यंत गाडी हलवली नाही.